मिस ल्युव्हिनियाचा बंद व्हरांडा

मार्चबँक, जॉर्जिया
१७ ऑक्टोबर २०१९

प्रिय रेनेटा,

फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मी लगेच विषय सोडून देते, हे आपलं दुसरीच्या वर्गापासून चालत आलंय. या वेळी मला विषय सोडायचा नाही, म्हणून पत्र. लांबलं तर एका बैठकीत वाचू नकोस, पण अर्धवट टाकूही नकोस.

आधी बातमी. तुझ्या आईचं डेपो स्ट्रीटवरचं घर आता गावाला सहजासहजी पाडता येणार नाही. मंगळवारी वारसा समितीने मत दिलं, चार विरुद्ध तीन, आणि ते पिवळं घर आपल्या संरक्षित जुन्या भागात 'भर घालणारी वास्तू', म्हणजे जपण्याजोगी, ठरलं. ऑगस्टमध्ये तू म्हणाली होतीस, "गावाला ती जागा हवी असेल तर घेऊ दे ना, नॅडीन. तिथे आता आहे काय?" तेव्हा मी काही बोलले नाही. समितीची सचिव म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं. खरं काय ते पुढे येईल.

गाव तुला आठवतं तसंच आहे, फक्त जास्त रंगवलेलं. हेस्टर क्वारल्स यांचं चर्च स्ट्रीटवरचं घर बघायला आता आठवड्यातून चार बसगाड्या येतात. बायका त्यांच्या टाइपरायटरसमोर फोटो काढतात, मग औषधाच्या जुन्या दुकानात पीच आइस्क्रीम खातात, आणि ज्या बाकावर बसून मिस हेस्टरनी ती तिसरी कादंबरी लिहिली म्हणतात त्या बाकाला हात लावून जातात. बाक २००३ सालचा आहे. मीच मागवला होता. तरी मला या सगळ्याचा अभिमान वाटतो. चारेक हजारांच्या गावातून एक बाई उठते आणि तिची वाक्यं जपानमध्ये वाचली जातात, ही काही लहान गोष्ट नाही. तुझ्या आईला, मिस ल्युव्हिनियांनाही त्या आवडायच्या. फक्त त्यांची कादंबरी हातात देताना मिस ल्युव्हिनिया म्हणायच्या, "बाई लिहिते झकास. पण हिच्या पुस्तकातल्या स्वयंपाकघरात कुणी कधी बसलेलं दिसत नाही. सगळ्या उभ्याच. पाय दुखत नसतील त्यांचे?" तेव्हापासून मी मिस हेस्टरचं कुठलंही पान वाचताना खुर्ची शोधते.

तर, बसगाड्या. त्या उभ्या करायला जागा नाही म्हणून नगर परिषदेने तुझ्या घराची जागा हेरली. रेल्वे डेपोची जुनी इमारत जपायची होती म्हणून संरक्षित भागाची हद्द डेपो स्ट्रीटपर्यंत खाली आणलेली आहे. त्यामुळे तुझं घर हद्दीच्या आत, पण यादीत मात्र 'भर न घालणारी वास्तू'. असं घर पाडायला सुनावणी लागत नाही. मालक विकायला तयार असला आणि सचिवाची सही असली की झालं. तू तयार होतीस. सचिव मी. सप्टेंबरच्या नऊ तारखेला तो कागद माझ्या टेबलावर आला, आणि त्याला जोडलेला घराचा जुना पाहणी फॉर्म मी वाचला. पंचवीसएक शब्द. 'लाकडी घर, १९११. समोरचा व्हरांडा बंद केलेला. खिडक्या विसंगत, एकमेकींशी न जुळणाऱ्या. मूळ रूप हरवलेलं. भर न घालणारी.'

व्हरांडा बंद केलेला. हो, केलेलाच होता. तो का केला हे तुला मी काय सांगायचं, पण माझ्यासाठी एकदा लिहू दे. गावचं वाचनालय तेव्हा फक्त गोऱ्यांचं होतं. तुझे बाबा रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत नोकरीला, आणि प्रवासी विसरून गेलेली पुस्तकं शिकागोहून, अटलांटाहून पिशवीत भरून आणायचे. मिस ल्युव्हिनिया लाँड्रीतून आल्या की ती व्हरांड्यात मांडायच्या, आणि गल्लीतली मुलं पायऱ्यांवर बसून वाचायची. छप्पन्नच्या उन्हाळ्यात एका वादळाने चाळीस पुस्तकं भिजवली. तुझ्या बाबांनी मग रेल्वेच्या यार्डातून मोडीत काढलेल्या डब्यांच्या खिडक्या आणल्या, एकेक करून, मिळेल त्या मापाच्या, आणि पुढच्या वर्षी व्हरांडा बंद झाला. आपण दोघी बसायला लागलो तोवर गावचं वाचनालय सगळ्यांना उघडून पंधरा वर्षं झाली होती, तरी मुलं तुमच्याच दारी यायची. मी खालून दुसऱ्या पायरीवर. तू आत, पितळी कडीच्या खिडकीपाशी, कारण घर तुझं होतं आणि हे तू कुणाला विसरू दिलं नाहीस.

आणि पुस्तक परत करायची ती रीत. मिस ल्युव्हिनिया मांडीवर घमेलं घेऊन शेंगा सोलत बसलेल्या. पुस्तक नुसतं ठेवून पळता येत नसे. समोर उभं राहून गोष्ट सांगायची. मी नेहमी सुरुवात आणि शेवट तयार करून जायचे. "सुरुवात सगळ्यांनाच येते गं," त्या मान वर न करता म्हणायच्या, "आणि शेवट तू मागून वाचलायस, पान दुमडलेलं दिसतंय मला. मधलं सांग." मग मी गडबडायचे आणि तू आतून खिडकीतून खिदळायचीस. "मधलं नाही आलं तर पुस्तक परत घेणार नाही मी. घेऊन जा आणि नीट भेट त्या माणसांना." मार्चबँकमधल्या कुठल्याही वाचनालयात पुस्तक वेळेआधी परत केल्याबद्दल मुलांना घरी पाठवत नव्हते. फक्त तिथे.

नऊ सप्टेंबरला मी सही केली नाही. घराची पाहणी नव्याने व्हावी आणि त्यावर सुनावणी व्हावी असा अर्ज केला. समितीचे अध्यक्ष मिस्टर ओगल्सबी, ते औषधाच्या दुकानाचे जुने मालक, अजूनही रोज बो टाय लावतात, त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "तुला घर आवडतं म्हणून, की फॉर्म चुकलाय म्हणून? आवडतं म्हणून आपण काही जपत नाही, बाळा. नाहीतर मी माझी बायको यादीत घातली असती." मी म्हटलं, फॉर्म अपुरा आहे. ते म्हणाले, "मग पुरावा आण." पुरावा कुठून आणायचा? तुझ्या आईने हिशेबाची वही ठेवली नव्हती. नाताळच्या जुन्या शुभेच्छापत्रांची पाकिटं कापून पुस्तकाच्या मागे चिकटवायची आणि त्यात मुलाच्या नावाची चिठ्ठी, इतकाच तिचा कारभार. आणि पुस्तकं तू डेट्रॉइटला नेलीस, उरलेली चर्चला दिलीस. मी माउंट ओलिव्ह चर्चच्या रविवारच्या पत्रकात एक ओळ छापायला दिली: 'मिस ल्युव्हिनिया बॅस्कम यांचं एखादं पुस्तक परत करायचं राहिलं असेल तर मंगळवारी चार वाजता टाउन हॉलमध्ये आणावं.'

मी पाच माणसं धरून चालले होते. एकोणीस आली. (माझ्या वहीत त्या दिवशी एकवीस लिहिलंय, पण नंतर नावं मोजली तर एकोणीसच. दोघं फक्त केकसाठी आली होती.) डीकन पर्व्हिस चर्चचा करडा सूट घालून पुढे आले, टेबलावर कव्हर नसलेलं एक भूगोलाचं पुस्तक ठेवलं आणि समितीला म्हणाले, "एकोणीसशे एकसष्ट. मधलं येत नव्हतं म्हणून नेलं नाही परत. आता येतं." मग त्यांनी खरंच सांगितलं, रेनेटा. ॲमेझॉन नदी, तिच्या उपनद्या, सगळं, सात मिनिटं. मिस्टर ओगल्सबींनी त्यांना थांबवलं नाही. मागून यूला टेट आली, जी आता जिल्हा न्यायालयात न्यायाधीश आहे. तिने आणलेल्या कवितांच्या पुस्तकात मागे अजून पाकीट होतं, त्यावर चकाकीचा अर्धा तारा, आणि आतल्या चिठ्ठीवर तिच्या नावापुढे तुझ्या आईच्या अक्षरात लिहिलेलं: 'ही परत आणणार नाही. असू दे.' सगळा हॉल हसला आणि यूला रडली, आणि मग म्हणाली, "चिठ्ठी मी आजच वाचली. अठ्ठेचाळीस वर्षं मी स्वतःला चोर समजत होते."

विरोधात बोलणारेही होते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नगर परिषदेचे मिस्टर फेल्ट्स म्हणाले, त्या बसगाड्यांवर गावातली तीन दुकानं जगतात. "मग बस उभी करू कुठे? व्हरांड्यात?" डीकन पर्व्हिस बसल्या जागेवरून म्हणाले, "त्या व्हरांड्यात आम्ही अठरा जण मावायचो. थोडं सरकून बसलात तर बसही मावेल." मिस्टर फेल्ट्सना स्वतःलाच हसू आलं. शेवटी मत झालं. चौथं मत मिस्टर ओगल्सबींचं. ते म्हणाले, "या गावाचा वाङ्मयाशी संबंध आहे असं आपण वेशीवरच्या पाटीवर लिहिलंय. मला इतकी वर्षं वाटायचं, तो संबंध म्हणजे एक बाई आणि एक टाइपरायटर. लिहिणारीचं घर आपण जपलं. वाचणारे कुठे तयार झाले ते कुणी विचारलंच नाही." इतका अभिमान मला या गावाचा कधी वाटला नव्हता. मी पायऱ्या उतरून बाहेर आले आणि सरळ डेपो स्ट्रीटला गेले. ऊन कलत होतं. ती सगळी वेगवेगळ्या मापांची तावदानं एकदम पेटल्यासारखी दिसत होती, जणू गाडी नुकतीच स्टेशनात लागलीय.

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. सुरुवात आहे, शेवट आहे. पण तुझी आई समोर घमेलं घेऊन बसलेली असती तर तिने मान वर केली नसती.

मधलं असं आहे. तो फॉर्म माझ्या अक्षरात आहे.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाआधी मला गावच्या पाहणीचं काम मिळालं होतं, तुला आठवत असेल; तू तेव्हा डेट्रॉइटला नुकतीच गेली होतीस आणि 'पाटी घेऊन फिरणारी बाई' म्हणून मला पत्रात चिडवायचीस. आम्हाला शिकवलं होतं की दिसतं ते लिहा, माहीत असतं ते लिहू नका. नियम वाईट नाही. त्याने पुष्कळ खोट्या दंतकथा गाळल्या जातात. मिस हेस्टरच्या बाकासारख्या. त्याच नियमाने मी जुलैच्या उकाड्यात तुझ्या घरासमोर उभी राहिले, जिथे मी वाचायला शिकले त्या खिडक्यांकडे पाहिलं आणि लिहिलं, विसंगत. तीन मिनिटं लागली असतील. तुझी आई दारात आली. "काय लिहितेस गं एवढं? आत ये, थंड चहा केलाय." मी म्हटलं, कामावर आहे, मिस ल्युव्हिनिया, नंतर येते. त्या म्हणाल्या, "बरं. पण चांगलं लिहिलंस ना आमच्याबद्दल?" मी म्हटलं, "हो, मॅम." माझ्या वहीत त्या दिवशी इतकंच आहे: 'डेपो स्ट्रीट, अकरा घरं, फार उकाडा.' मी रोज वही लिहिते याचा मला गर्व आहे, आणि त्या पानावर तुझी आई नाही.

मला माहीत नव्हतं असं मी अनेकदा स्वतःला समजावून पाहिलं. बावीस वर्षांची होते, शिकलेलं नवं होतं, प्राध्यापकांना दाखवायचं होतं की मी आपल्या गल्लीला झुकतं माप देत नाही. यातलं शेवटचं खरं आहे, आणि तेच सगळ्यात वाईट आहे. आपल्या माणसांवर अन्याय करून मी निःपक्षपाती ठरले.

पण हे मी मंगळवारी हॉलमध्ये उभी राहून सांगितलं. मिस्टर ओगल्सबींनी विचारलं, "म्हणजे तुझा स्वतःचा फॉर्म चुकला म्हणतेस?" मी म्हटलं, "फॉर्ममध्ये लिहिलेलं सगळं बरोबर आहे, सर. खिडक्या जुळत नाहीत. त्या का जुळत नाहीत हे मला माहीत होतं, आणि ते मी लिहिलं नाही." माउंट ओलिव्हची माणसं माझ्याकडे बघत होती.  बाहेर पडताना यूला टेटने माझा दंड जरा जोरातच दाबला, एवढंच. ते सोपं नव्हतं, पण जमलं. जे मी तिथे सांगितलं नाही ते यापुढचं आहे, कारण ते त्यांना सांगायचं नाही, तुला सांगायचं आहे.

२००६ मध्ये तुझ्या आईने छपरासाठी गावाच्या दुरुस्ती निधीकडे अर्ज केला होता. नकार आला. तू फोनवर किती संतापली होतीस. "चर्च स्ट्रीटवाल्यांना आमच्या गल्लीतलं छप्पर दिसत नाही, गळलं तरी," म्हणालीस, आणि मी म्हटलं, "हं." रेनेटा, चर्च स्ट्रीटवाल्यांनी तो अर्ज पाहिलासुद्धा नव्हता. 'भर न घालणाऱ्या' घराचा अर्ज समितीपुढे जातच नाही. सचिव यादी बघते आणि नकाराचं पत्र टाइप करते. मी यादी बघितली. मला तेव्हाच फॉर्म दुरुस्त करता आला असता. त्यासाठी फक्त माझं नाव पुढे करावं लागलं असतं, आणि मला नोकरीत तीनच वर्षं झाली होती. मी पत्र टाइप केलं, खाली अध्यक्षांची सही घेतली. पुढच्या पावसाळी हिवाळ्यात मागच्या खोलीचं छत खाली आलं आणि तू येऊन आईला घेऊन गेलीस. त्या मार्चबँकला परत आल्या त्या पेटीतूनच. त्यांच्या अंत्यविधीला मी पाउंड केक केला आणि सगळ्यांना वाढला, आणि तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, या गावात आता तू तेवढी उरलीस. मी तेव्हाही काही बोलले नाही.

तू त्या घराकडे पाठ फिरवलीस ती गावावरच्या रागाने. तो राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता, तेरा वर्षं. तू घर विकायला निघालीस तेही त्याच रागातून असेल, तर माझ्यामुळे. आणि तसं नसेल, तुला खरंच ते नको असेल, तर तो तुझा अधिकार आहे आणि माझ्या पश्चात्तापासाठी तू घर सांभाळावंस असं मला म्हणायचं नाही. हे वाक्य मी चार वेळा लिहिलंय. अजूनही त्यात थोडी विनवणी ऐकू येत असेल तर तेवढी पदरात घे.

आता हे पत्र कशासाठी ते. समितीचं मत झालं, तरी मालकाला तीस दिवसांत लेखी हरकत घेता येते. तू हरकत घेतलीस तर निर्णय मागे जाईल, तुझा सौदा होईल, आणि मी त्या कागदावर सही करीन. या वेळी वाचून. त्याआधी मात्र नवा फॉर्म भरला गेला पाहिजे, घर राहो वा न राहो, आणि तो मी तुला न विचारता भरणार नाही. एकदा तुझ्या घराबद्दल मी समोरच्या रस्त्यावर उभं राहून लिहिलं, दारातून हाक आली तरी आत गेले नाही. सोबत फॉर्म जोडलाय. वर मी लिहिलंय: 'लाकडी घर, १९११.' खाली लिहिलंय: 'समितीच्या मताने भर घालणारी वास्तू, १५ ऑक्टोबर २०१९.' 'समोरच्या व्हरांड्यात केलेले बदल आणि त्यांचं कारण' या ओळीखाली आठ ओळींची जागा आहे. ती मी कोरी ठेवलीय. मधलं तू सांग.

तुझीच,
खालून दुसऱ्या पायरीवरची
नॅडीन